मृत्यू कुठे नोंदला, माणूस कुठला होता?

एप्रिल २०२१ मधले एक घर डोळ्यांसमोर आणावे. प्रताप नगरच्या एखाद्या जुन्या लेआउटमधले, पुढे तुळस आणि लोखंडी फाटक असलेले. आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त, मधुमेह पंधरा वर्षांचा. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी ऑक्सिमीटरवर ८६. मुलगा रात्रभर फोन लावत बसतो. खाट मिळते ती धंतोलीत. नवव्या दिवशी सगळे संपते. मृत्यूची नोंद होते ती रुग्णालय ज्या हद्दीत आहे तिथे. दहन होते ते ज्या घाटावर जागा असेल तिथे. सहकारनगरचा घाट जवळ असूनही मानेवाडा किंवा मोक्षधाम वाट्याला येऊ शकतो. आणि संध्याकाळी प्रशासनाच्या पत्रकात ‘शहर’ या रकान्यात एकाची भर पडते.

हे घर कल्पनेतले आहे. पण नागपूरच्या दक्षिण-पश्चिम भागात त्या महिन्यात अशी खरी घरे कमी नव्हती. त्या दोन वर्षांत प्रताप नगरातली किती माणसे गेली, असे आज कुणी विचारले तर उत्तर कुठल्या कागदावर सापडेल? रुग्णालयांच्या नोंदींत प्रताप नगर विखुरलेले आहे, घाटांच्या वह्यांत विखुरलेले आहे, आणि रोजच्या पत्रकाला तर प्रताप नगर ठाऊकच नव्हते. त्या पत्रकात मृतांचे तीन रकाने असत : शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील.

यातला तिसरा रकाना आधी पाहण्यासारखा आहे. नागपूर जिल्ह्यात कोरोनाचे दहा हजारांहून अधिक मृत्यू नोंदले गेले आणि त्यांपैकी दीड हजारांहून अधिक माणसे या जिल्ह्याची नव्हतीच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय मध्य प्रदेशातले छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, ही सगळी मेडिकल आणि मेयोची जुनी गिऱ्हाइके. साथ नसतानाही या गावांचा अवघड रुग्ण नागपूरच्याच रस्त्याला लागतो. बालाघाटचा रुग्ण नागपुरात दगावला, की बालाघाटच्या नकाशावर पडायला हवा होता तो ठिपका नागपूरवर पडतो. बालाघाट सुरक्षित दिसते आणि नागपूर धोकादायक. ‘जिल्ह्याबाहेरील’ हा रकाना वेगळा ठेवल्यामुळे निदान ही चूक जिल्ह्याच्या पातळीवर सावरली गेली. हे काम नागपूरने चांगले केले. मात्र जिल्ह्याच्या सीमेवर दाखवलेली ही काळजी शहराच्या आत दाखवली गेली नाही. धंतोली-रामदासपेठेत रुग्णालयांची दाटी आहे म्हणून तिथे मृत्यू जास्त नोंदले जातात, आणि मेडिकल चौकाच्या आसपासचे सगळे मृत्यू काही त्या चौकात राहणाऱ्यांचे नसतात, हे शेंबडे पोरही सांगेल. तरीही माणूस कुठल्या वस्तीतून आला होता याचा ताळा जुळवून तो लोकांपुढे ठेवण्याचे काम राहूनच गेले.

साथीतले मृत्यू सगळीकडे सारखे पडत नाहीत, ही गोष्ट २०२० च्या मार्चमध्येच जगाने पाहिली. इटलीच्या बेर्गामो प्रांतात त्या एका महिन्यात एकूण मृत्यू आधीच्या वर्षांच्या सरासरीपेक्षा ५६८ टक्क्यांनी वाढले, तर त्याच देशाच्या दक्षिणेत कित्येक ठिकाणी मृत्यूंचा आकडा नेहमीसारखाच राहिला. विदर्भातही हेच घडले. २०११ च्या जनगणनेनुसार नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसेहेचाळीस लाख, गडचिरोलीची पावणेअकरा लाख. नागपुरात नोंदलेले कोरोनामृत्यू हजार लोकसंख्येमागे दोनच्या आसपास, गडचिरोलीत एकच्याही खाली. हा फरक कशामुळे, या प्रश्नाचे एक उत्तर नाही आणि इथेच घाई होते.

गडचिरोलीत म्हातारी माणसे प्रमाणाने कमी, वस्त्या जंगलात विखुरलेल्या, विमानतळ नाही, बंद खोलीत दिवसभर काम करणारी कार्यालये मोजकी. विषाणूला तिथे पोहोचायला वेळ लागला असणार, हे खरेच. पण त्याच गडचिरोलीत एटापल्ली किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्यावर तापाने गेलेल्या माणसाची चाचणी झाली नसेल, तर तो कोरोनामृत्यू कसा ठरणार? आणि जो धडपडत नागपूरपर्यंत पोहोचला आणि इथे गेला, तो गडचिरोलीच्या पत्रकात मोजला गेला की नाही? म्हणजे मृत्यूंच्या नकाशावर चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच रंगात रंगवलेल्या असतात : विषाणू किती पसरला, तिथली माणसे कोणत्या वयाची आहेत, उपचार किती लांब आहेत, आणि मोजणारे हात किती आहेत. नकाशा पाहणाऱ्याला फक्त गडद आणि फिकट दिसते.

चौथ्या गोष्टीचा, म्हणजे मोजणीचा, प्रताप कमी लेखू नये. १६ जून २०२० या एकाच दिवशी महाराष्ट्राने १,३२८ जुने मृत्यू आकडेवारीत घातले, त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईचे. त्या दिवशी मुंबईत साथ अचानक भडकली नव्हती; कागद जुळवले गेले होते. ९ जून २०२१ रोजी बिहारने ३,९५१ मृत्यू एकदम वाढवले आणि तिथला आकडा ९,४२९ झाला. त्याआधी काही दिवस पेरूने आपला आकडा सुमारे ६९ हजारांवरून एक लाख ८० हजारांच्या वर नेला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात जगातला सर्वाधिक मृत्यूंचा देश तो ठरला. पेरूतली माणसे आदल्या दिवशीही तेवढीच मेलेली होती.

महाराष्ट्र आणि बिहार शेजारी ठेवले तर हे आणखी स्पष्ट होते. २०११ मध्ये एकाची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी, दुसऱ्याची साडेदहा कोटींच्या जवळ. अधिकृत कोरोनामृत्यू मात्र महाराष्ट्रात जवळपास दीड लाख आणि बिहारमध्ये साडेबारा हजारांच्या आत. महाराष्ट्र अधिक शहरी आहे, अधिक वयस्क आहे, इथे मधुमेह जास्त आहे, हे सगळे मान्य. तरी बारापट? मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून देण्याचे प्रमाण देशभरात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंच्या साडेबावीस टक्के होते. गोव्यात ते शंभर टक्के, बिहारमध्ये पाच टक्क्यांच्याही आत. जिथे कारण लिहिलेच जात नाही तिथे साथ कागदावर सौम्यच दिसणार. महाराष्ट्राला त्या काळात ‘देशातले सर्वांत वाईट राज्य’ म्हणून हिणवले गेले, त्यातला काही भाग इथल्या नोंदणीच्या शिस्तीला मिळालेली शिक्षा होती.

पण या शिस्तीचीही फार फुशारकी मारू नये. सर्वोच्च न्यायालयाने ५० हजार रुपयांच्या सानुग्रह मदतीचा मार्ग मोकळा केल्यानंतर, जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे राज्यांचे आकडे आले. महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू एक लाख ४१ हजार आणि अर्ज दोन लाख १३ हजारांवर. गुजरातेत मृत्यू दहा हजार, अर्ज ८९ हजारांवर. मदतीसाठीची व्याख्या सैल होती आणि प्रत्येक अर्ज खरा असेल असे नाही. पण एवढी तफावत खोट्या अर्जांनी होत नसते. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नागरी नोंदणीच्या अहवालात तर देशात २०२० साली ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते ते २०२१ मध्ये एक कोटी दोन लाखांवर गेल्याचे दिसते. वाढ २१ लाखांची. त्यातली थोडी वाढत्या लोकसंख्येची, थोडी सुधारलेल्या नोंदणीची. उरलेली कशाची, याचा अंदाज बांधायला त्या वर्षीचा अधिकृत कोरोनामृत्यूंचा आकडा पुरे आहे : साडेतीन लाखांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासाठी दोन वर्षांत ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला तेव्हा केंद्र सरकारने ती पद्धतच अमान्य केली. पद्धतीवर वाद होऊ शकतो. वाद मिटवायचा तर वस्ती-वस्तीची नोंद पुढे ठेवावी लागते, आणि तीच कुणाकडे तयार नाही.

नोंद नसली की तिची जागा समज घेतात. नागपुरात ते पहिल्याच महिन्यात दिसले. शहरातला पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी सापडला. तो अमेरिकेहून परतला होता. म्हणजे विषाणू आला विमानाने. पण एप्रिलच्या सुरुवातीला सतरंजीपुऱ्यातल्या एका ज्येष्ठ नागरिकाचा मृत्यू झाला, तिथे आणि मोमिनपुऱ्यात संसर्गाची साखळी सापडली, आणि शहराच्या मनातला नकाशा तिथेच गोठला. गल्ल्यांना पत्रे ठोकले गेले. हजारावर माणसे आमदार निवासासारख्या विलगीकरण केंद्रांत हलवली गेली. संसर्ग रोखण्यासाठी ते आवश्यक होते की नव्हते, यावर तज्ज्ञांची मते आजही वेगळी आहेत. परिणाम मात्र एकच झाला : साथ ही दाटीवाटीच्या, गरीब, ‘तिकडच्या’ वस्त्यांची गोष्ट आहे, असे ‘इकडच्या’ वस्त्यांनी धरून चालले. पुढे फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये महापालिकेच्या हॉटस्पॉटच्या यादीत खामला, स्वावलंबीनगर अशी प्रताप नगरच्या शेजारची नावे आली, तेव्हा अनेकांना त्याचे आश्चर्य वाटले. वाटायला नको होते.

का, ते मुंबई आणि पुण्याच्या रक्तचाचण्यांनी आधीच्या पावसाळ्यातच सांगितले होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत केलेल्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण १६ टक्के होते. त्यावरून संशोधकांनी संसर्ग झालेल्यांपैकी किती दगावले याचा हिशेब मांडला, तर झोपडपट्टीत हजारी एकाहून कमी आणि बाहेरच्या इमारतींत हजारी अडीचच्या वर. पुण्यात पाच प्रभागांत पाहणी झाली. लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्के, कसबा-सोमवार पेठेत ३६. घरांच्या प्रकारानुसारही फरक निघाला : झोपड्यांत ६० टक्क्यांच्या वर, सदनिकांत ३३.

वरवर पाहता हे उलटेच वाटते. जिथे साथ जास्त पसरली तिथे ती कमी मारते? उलगडा वयात आहे. कोरोनाचा धोका वयाबरोबर इतक्या वेगाने चढतो, की सत्तरीतल्या माणसाच्या आणि तिशीतल्या माणसाच्या धोक्यात पटींचे नव्हे, दोन-तीन शून्यांचे अंतर पडते. एक सोपे गणित करून पाहता येईल. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. दहा-दहा हजार लोकांच्या दोन वस्त्या घ्या. पहिलीत पासष्टीच्या पुढचे दीड हजार, दुसरीत फक्त चारशे. संसर्ग झालेल्या ज्येष्ठांपैकी शंभरात दोन जातात आणि बाकीच्यांत हजारात एक, असे धरा. पहिल्या वस्तीत ३० टक्के लोकांना संसर्ग झाला तर मृत्यू होतील अकरा-बारा. दुसरीत त्याच्या दुप्पट, ६० टक्के लोकांना झाला, तरी मृत्यू दहा-अकराच. मृत्यूंच्या नकाशावर दोन्ही वस्त्या सारख्याच रंगाच्या दिसतील. प्रत्यक्षात एकीत विषाणू मोकाट आहे, दुसरीत तो निम्म्याने कमी पसरूनही म्हातारी माणसे उचलतो आहे. दोन्हीकडे करायची उपाययोजना वेगळी. पहिलीत घरोघरी ऑक्सिमीटर आणि ज्येष्ठांची यादी हवी, दुसरीत कामावर जाणाऱ्यांना रजा आणि धान्य.

प्रताप नगर, त्रिमूर्तीनगर, खामला या पट्ट्यात नोकरदार आणि निवृत्तांची घरे अनेक. मुले पुण्या-बंगळुरूला, नाही तर परदेशात, घरात दोघेच. अशा घरात आजारी पडणाऱ्याला चाचणी, डॉक्टर, विमा हे सगळे परवडते, पण रात्री दोन वाजता गाडी काढून रुग्णालयांच्या दारोदार फिरणारे कुणी नसते. एप्रिल २०२१ मध्ये तर पैशालाही खाट मिळत नव्हती. नागपूरचे रुग्ण अमरावतीकडे नेले जात होते. विशाखापट्टणमहून निघालेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस २३ एप्रिलला नागपुरात आली आणि तीन टँकर इथे उतरवून नाशिककडे गेली. मृत्यूचा धोका त्या दिवसांत पैशापेक्षा खाटेपासूनच्या अंतरावर आणि ओळखीवर ठरत होता, असे म्हणायला जागा आहे. पण तेही ‘जागा आहे’ एवढेच. सिद्ध करायचे तर गेलेल्यांचे पत्ते हवेत.

कोरोनाचा हा धडा, की साथ मुख्यतः म्हाताऱ्यांच्या वस्त्यांत मारते, पुढच्या साथीला जसाच्या तसा लावणे मात्र धोक्याचे ठरेल. याचा पुरावा याच मातीत आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने भारतात सव्वा कोटी ते दोन कोटींच्या दरम्यान माणसे मारली, असे वेगवेगळे अंदाज आहेत. तो जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरला, रेल्वेने आत पसरला आणि शरद ऋतूत त्याची दुसरी, प्राणघातक लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड, ज्याची राजधानी नागपूर होती, हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक. बंगाल त्यामानाने बराच वाचला. त्या वर्षी पश्चिम आणि मध्य भारतात पाऊस दगा देऊन गेला होता, ज्वारी महागली होती, माणसे अर्धपोटी होती. पुढे संशोधकांनी जिल्हावार नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली तसतशी ती रेंगाळत गेली आणि तिचा जोर ओसरत गेला.

त्या इन्फ्लुएंझाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे नेली. त्यामुळे शहरातला नकाशा कोरोनाच्या उलटा निघाला. मुंबईच्या आरोग्य खात्याने तेव्हा समाजगटांनुसार मृत्युदर काढले. अहवालाच्या भाषेतल्या ‘खालच्या जातीच्या हिंदूं’मध्ये तो हजारी ६१.६ होता, पारशांमध्ये ९ आणि युरोपियनांमध्ये ८.३. एकाच शहरात, एकाच महिन्यांत, सातपट फरक. गिरणीत राबणारा तरुण, त्याची दाटीची चाळ, रिकामे पोट आणि शुश्रूषेला कुणी नाही, हे सगळे एका ठिकाणी आले होते. कोरोनात याच प्रकारच्या वस्त्यांना वयाने थोडे सांभाळून घेतले. उद्या तरुणांना धरणारा एखादा फ्लू आला तर प्रताप नगर फिकट राहील आणि पूर्व-उत्तर नागपूरच्या कामगार वस्त्या काळ्या पडतील. दोन साथी, दोन उलटे नकाशे. कुठला नकाशा उमटतो आहे हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळले तरच उपयोग, आणि ते पत्त्यासह, वयासह येणाऱ्या मृत्युनोंदींतूनच कळू शकते.

१९१८ मध्ये गावोगावी मृत्यूची वर्दी कोतवाल देत असे आणि कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘ताप’ एवढेच लिहिले जाई. इन्फ्लुएंझाचे मृत्यू नंतर तापाच्या नेहमीच्या आकड्यांतून वजाबाकी करून काढावे लागले. शंभर वर्षांनंतर अतिरिक्त मृत्यू काढण्याची पद्धत मुळात तीच आहे, वजाबाकीची. गणकयंत्रे तेवढी बदलली.

आता या सगळ्यातला सर्वांत रुक्ष, पण कळीचा कागद. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. या कायद्यानुसार मृत्यू जिथे घडतो तिथे तो नोंदवायचा, २१ दिवसांच्या आत. नोंदीसाठी जो नमुना क्रमांक २ भरला जात आला आहे त्याचे दोन भाग आहेत. डावीकडचा कायदेशीर भाग : त्यात मृताचे नाव, मृत्यूच्या वेळचा पत्ता, कायमचा पत्ता. उजवीकडचा सांख्यिकी भाग : त्यात राहण्याचे गाव किंवा शहर, धर्म, व्यवसाय, वैद्यकीय मदत मिळाली होती का, आजार कोणता. पहिला भाग निबंधकाकडे राहतो. दुसरा वर पाठवला जातो, आणि त्यातूनच राज्याची व देशाची आकडेवारी बनते. म्हणजे प्रताप नगरचा पूर्ण पत्ता त्या मुलाने लिहून दिलेला असतो. तो कागदावर आहे. पण आकडेवारीकडे जाणाऱ्या भागात त्या पत्त्यातले फक्त ‘नागपूर’ उरते. चोवीस लाखांच्या शहरात राहणारा प्रत्येक जण, मग तो प्रताप नगरचा असो की सतरंजीपुऱ्याचा, त्या रकान्यात एकाच गावचा होतो. पाचशे वस्तीच्या खेड्याला मात्र स्वतःचे नाव मिळते.

१ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात दुरुस्ती झाली, नोंदणी डिजिटल करण्यावर भर आला, रुग्णालयांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे असे ठरले. चांगले झाले. पण नोंद संगणकात गेली म्हणजे पत्ता मोजणीत गेला असे होत नाही. पत्ता लिहिताना ‘प्रताप नगर’, ‘राणा प्रताप नगर’, ‘रिंग रोड’, ‘खामला रोड’ असे एकाच गल्लीचे चार पत्ते लिहिले जातात. त्यांना प्रभागाचा क्रमांक जोडणे हे कारकुनी काम आहे. करायला कुणी बसवले तरच होते.

ते होऊ शकते, हे ब्रिटनने साथ ऐन भरात असताना दाखवले. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने १ मे २०२० रोजी साधारण सात-आठ हजार लोकवस्तीच्या एकेका भागाचे मृत्यू नकाशावर मांडले, आणि ते राहण्याच्या पत्त्यानुसार मांडले, रुग्णालयाच्या नव्हे. वयाचा फरक गणिताने काढून टाकल्यावर दिसले, की इंग्लंडमधल्या सर्वांत वंचित भागांत लाखामागे ५५ मृत्यू झाले होते आणि सर्वांत सुस्थितीतल्या भागांत २५. साथ सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. तो नकाशा पाहून लगेच सगळे सुधारले असे नाही. तिथेही पुढे माणसे मोठ्या संख्येने गेलीच. पण कोण जास्त मरते आहे याबद्दल अंदाज बांधत बसायची वेळ तिथल्या डॉक्टरांवर आणि नगरसेवकांवर आली नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वस्तीवार मृत्यू जाहीर केले तर सतरंजीपुऱ्याचे जे झाले ते प्रत्येक वस्तीचे होईल. भाडेकरू मिळणार नाहीत, मोलकरणीला दारात उभे करणार नाहीत, पोरांना शाळेत चिडवतील. २०२० मध्ये हे घडलेले आहे, त्यामुळे भीती खोटी नाही. मात्र तेव्हा जे जाहीर होत होते ते रोजचे रुग्ण होते, इमारतीच्या नावासकट, वयाचा किंवा लोकसंख्येचा कसलाच संदर्भ न देता. इथे मागणी वेगळी आहे. प्रभाग हे एकक ठेवावे. नागपूरचे ३८ प्रभाग धरले तर एकेकात सरासरी साठ हजारांवर लोक येतात, त्यात कुणाचे घर ओळखू येत नाही. आकडा आठवड्याचा किंवा महिन्याचा द्यावा, वयोगटाचा हिशेब लावून द्यावा, आणि फार लहान आकडे झाकावेत. झाकण्याला शास्त्रीय कारणही आहे. एका गल्लीत पाच गेले आणि शेजारच्या गल्लीत नऊ, तर तो फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. असल्या फरकावर बातमी करणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून त्यात दोष शोधणे. आणि कलंकाची भीती खरोखर असेल तर तिच्यावर उतारा म्हणून सगळ्या ३८ प्रभागांचे आकडे एकत्र ठेवावेत, म्हणजे बोट दाखवायला एकच वस्ती उरणार नाही. कोरोनात अर्धवट माहिती बाहेर आली, ती एका बाजूच्या वस्त्यांना बदनाम करून गेली आणि दुसऱ्या बाजूच्या वस्त्यांना निर्धास्त.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. महापालिकेच्या आरोग्य विभागात आधीच पदे रिकामी असतात, त्यांनी आता जुनी रजिस्टरे चाळायची का? हा आक्षेप मात्र फारसा टिकत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या मृत्युनोंदी दहाही झोनच्या कार्यालयांत आहेत. पत्त्यावरून प्रभाग ठरवण्याचे काम मेडिकलच्या पीएसएम विभागातले पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधाचा भाग म्हणून करू शकतात. नावे झाकून नोंदी त्यांना द्यायच्या, एवढाच निर्णय लागतो. तुलनेसाठी २०१८ आणि २०१९ ची रजिस्टरेही तिथेच असतात. कोरोना होता की नव्हता या वादात शिरायचीही गरज नाही : त्या त्या प्रभागात नेहमीपेक्षा किती जास्त माणसे गेली, कोणत्या वयाची, घरी गेली की रुग्णालयात, एवढे काढले तरी पुरे.

एक अडचण खरी होती ती भागाकाराची. मृत्यू मिळाले तरी त्यांना कशाने भागायचे? प्रभागात पासष्टीच्या पुढचे किती राहतात हे सांगणारी शेवटची जनगणना २०११ ची आणि मधल्या काळात शहराची कड मिहान-बेसापर्यंत गेली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून नवी जनगणना ठरली आहे. तिचे वयोगटवार आकडे हाती येईपर्यंत रजिस्टरांतले पत्ते लावून ठेवता येतील. कल्पनेतल्या त्या आजोबांसारख्यांची नोंद धंतोलीच्या हद्दीतल्या एखाद्या रजिस्टरात असेल, एप्रिल २०२१ च्या पानांवर, आणि पत्त्याच्या ओळीत निळ्या शाईत प्रताप नगर लिहिलेले असेल. सुरुवात त्या पानापासून करता येईल.